रुग्णसेवेकडे परतताना

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील महिला-बैठकीत केलेले भाषण)



आजच्या ह्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, ह्याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. व्याख्याने देण्याचा मला सराव नाही. माझे सारे आयुष्य परिचारिकेच्या कामात गेले आणि रोग्याच्या उशाशी उभे राहून जे शिकता आले तेवढीच माझी शिदोरी. तेव्हा मांडणीत काही उणे राहिले तर आपण सांभाळून घ्यावे, अशी विनंती करून मी विषयाकडे वळते.

आपली संस्था दर वर्षी ह्याच व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. त्यांत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, भौतिकोपचार आणि परिचर्या ह्या शाखांतील मुलींची नावे पुकारली गेली की टाळ्यांचा कडकडाट अंमळ अधिक होतो. आई-वडिलांचे डोळे भरून येतात, स्मरणिकेत छायाचित्र छापले जाते, आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या आपल्या घराघरांत ते अंक जपून ठेवले जातात. माझी आपणांस एकच विनंती आहे. घरी गेल्यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी स्मरणिका कपाटातून काढावी, त्यांतील ह्या मुलींची छायाचित्रे पाहावीत, आणि आज त्यांपैकी कोण रुग्णालयात आहे व कोण घरी आहे ह्याची मनाशी मोजदाद करावी. प्रत्येक घराला आपापल्या परिचयातली दोन-तीन नावे तरी आठवतील. पदवीचा कागद चौकटीत बसवून भिंतीवर आहे, आणि ज्या हातांनी तो मिळविला ते हात गेली आठ-दहा वर्षे कोणाच्या नाडीवर पडलेले नाहीत, अशी ही उदाहरणे आहेत.

अशा भगिनींनी पुन्हा आपल्या कामाकडे कसे वळावे, आणि त्यांना वळू देण्यासाठी कुटुंबाने व ज्ञातीने काय करावे, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम हे स्पष्ट करते की, ज्यांनी काम सोडले त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. उपनगरांतील संसार कसा चालतो हे आपण सर्व जाणतो. सकाळची पाळी सात वाजता सुरू होते. बोरिवलीच्या सुनेला विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात वेळेवर हजर व्हायचे तर तिने पहाटे उठून डबे करून घर सोडले पाहिजे. दुपारच्या पाळीत मुले शाळेतून येतात तेव्हा आई घरी नसते, आणि रात्रपाळीचे तर नावच नको अशी पुष्कळ घरांची भावना असते. त्यातच पहिले मूल होते, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास सुरू होतो, नवऱ्याची बदली होते. सारे मिळून ठरवितात की एखादे वर्ष राहू द्यावे. त्या एका वर्षाची तीन वर्षे होतात आणि तिनाची दहा. कोणी दुष्टपणा केलेला नसतो, कोणी मनाई केलेली नसते. दिवसामागून दिवस जातात आणि परतीची वाट झाडोऱ्याने बुजून जाते.

आपल्या महाराष्ट्रात रुग्णसेवेची वाट स्त्रियांसाठी कशी उघडली, ह्याचे थोडे स्मरण येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. डॉ. रखमाबाईंनी लंडनला वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८९५ पासून सुरत येथे आणि पुढे राजकोट येथे मिळून तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली. तथापि अशी अखंड सेवा फार थोड्यांच्या वाट्याला येते. सामान्य घरांतील स्त्रियांसाठी मोठे कार्य केले ते रमाबाई रानडे ह्यांच्या पुणे सेवासदनाने. १९०९ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने ससून रुग्णालयाशी जोडून घेऊन परिचर्येचे व सुइणीचे शिक्षण आपल्या भगिनींना, विशेषतः अकाली वैधव्य आलेल्या मुलींना, मिळवून दिले. परक्या माणसाचे मळमूत्र काढणे, कोणत्याही जातीच्या रोग्याला अंघोळ घालणे, हे कुलीन घरातील बाईचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती. आपल्या ज्ञातीतही तसे म्हणणारे असणारच. त्या बोलण्याला न जुमानता त्या मुली रुग्णालयात उभ्या राहिल्या, म्हणून आज आपण आपल्या मुलींचा सत्कार करू शकतो. ज्या समाजाने शंभर वर्षांपूर्वी ह्या क्षेत्रात पाऊल टाकण्याचे धैर्य दाखविले, त्याने आज मध्येच थांबलेल्या पावलांना पुन्हा चालते करण्याचे धैर्य दाखवावे, इतकेच माझे मागणे आहे.

आता परतणे खरोखर शक्य असते काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला मी आपल्या सर्वांच्या स्मरणातील उदाहरणांनी उत्तर देते.

२०२० साली कोरोनाच्या साथीने मुंबईला घेरले तेव्हा रुग्णालयांना खाटा आणि यंत्रे ह्यांहूनही माणसांची टंचाई अधिक जाणवू लागली. त्या वर्षीच्या ८ एप्रिलला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी राज्याला उद्देशून केलेल्या भाषणात निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय, सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले जवान, आणि ज्यांनी आरोग्यसेवेचे शिक्षण घेतले पण ज्यांना काम मिळालेले नाही, अशा सर्वांना पुढे येण्याचे आवाहन केले. ह्या आवाहनाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. संकटाच्या वेळी समाजाला एकाएकी आठवण झाली की, प्रशिक्षित हात घराघरांत बसून आहेत.

त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या तत्कालीन महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा पांढरा गणवेष घालून नायर रुग्णालयात गेल्या. राजकारणात येण्यापूर्वी त्या परिचारिका होत्या. शहराची प्रथम नागरिक जुना गणवेष अंगावर चढवून वॉर्डात येते, हे दृश्य पाहून तेथील तरुण परिचारिकांना केवढा धीर आला असेल!

दुसरे उदाहरण आपल्या उपनगरातलेच आहे. शिखा मल्होत्रा ही अभिनेत्री. तिने दिल्लीला परिचर्येची पदवी घेतली होती, परंतु पुढे ती चित्रपटव्यवसायात गेली. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदी सुरू होत असतानाच, ती जोगेश्वरीच्या बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून दाखल झाली आणि कोरोनाच्या विलगीकरण कक्षात तिने महिनोन् महिने सेवा केली. पुढे तिला स्वतःलाही ह्या रोगाची बाधा झाली. रुपेरी पडद्याची ओढ असलेली मुलगी जर जुनी पदवी बाहेर काढून रोग्याजवळ उभी राहते, तर आपल्या घरांतल्या पदवीधर भगिनींना हे अशक्य आहे असे कोण म्हणेल?

तिसरे उदाहरण दूरच्या आयर्लंडचे असले तरी त्याची नाळ आपल्या कोकणाशी जुळलेली आहे. लिओ वराडकर ह्यांचे वडील डॉक्टर; मालवण तालुक्यातील वराड हे त्यांचे मूळ गाव. आई आयरिश आणि पेशाने परिचारिका. लिओ स्वतः डॉक्टर झाले, काही वर्षे त्यांनी वैद्यकी केली, मग राजकारणात गेले, आणि २०१३ मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून त्यांचे नाव निघाले. २०१७ साली ते त्या देशाचे पंतप्रधान झाले. २०२० च्या मार्चमध्ये, पंतप्रधानपदावर असतानाच, त्यांनी पुन्हा डॉक्टर म्हणून नोंदणी केली आणि आठवड्यातून एक सत्र रुग्णसेवेला देऊ केले.

ह्या उदाहरणातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. वराडकर थेट अतिदक्षता विभागात जाऊन उभे राहिले नाहीत. सात वर्षे वैद्यकीपासून दूर राहिलेल्या माणसाला जे सुरक्षितपणे करता येईल तेच काम त्यांनी पत्करले, आणि ते म्हणजे रोगाचा संशय असलेल्या लोकांची दूरध्वनीवरून विचारपूस करून त्यांच्या प्रकृतीचा अंदाज घेणे. देशाच्या पंतप्रधानाला ह्यात कमीपणा वाटला नाही. परतणाऱ्या प्रत्येक भगिनीने हा धडा गिरवावा. आपले आज काय जमते ह्याचा प्रामाणिक हिशेब करावा, तेथून आरंभ करावा, आणि हात बसेल तसे पुढे सरकावे.

मात्र साथीचे दिवस अपवादाचे असतात. त्या वेळी दारे सताड उघडी असतात आणि कोणी फार चौकशी करीत नाही. एरवीच्या दिवसांत परतावयाचे तर तीन अडचणी पार कराव्या लागतात. पहिली कागदाची, दुसरी विद्येची आणि तिसरी घराची. त्यांचा आपण क्रमाने विचार करू.

कागदाची अडचण सर्वांत सोपी, पण पुष्कळजणी तेथेच अडतात. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत चर्चासत्रे, व्याख्याने इत्यादींना उपस्थित राहून ३० श्रेयांक मिळवावे लागतात. परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमान्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, औषधनिर्मात्यांची राज्याच्या औषधव्यवसाय परिषदेकडे, आणि भौतिकोपचार व व्यवसायोपचार करणाऱ्यांची त्यांच्या स्वतंत्र परिषदेकडे होते. माझे प्रत्येक मुलीला सांगणे आहे की, काम सोडावे लागले तरी नोंदणी सोडू नये. मूल लहान असताना चर्चासत्राला जाणे कठीण असले तरी वर्षातून दोन दिवस काढणे अशक्य नसते. नोंदणी जिवंत ठेवणे म्हणजे परतीच्या वाटेवर दिवा तेवत ठेवणे होय.

दुसरी गोष्ट नावाची. पदवीचे प्रमाणपत्र व नोंदणी माहेरच्या नावाची आणि आधारकार्ड, बँकेचे खाते, शिधापत्रिका सासरच्या नावाची, असा घोळ आपल्या बहुतेक घरांत आहे. दहा वर्षांनी मुलाखतीला गेल्यावर ह्या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करीत बसावे लागते. विवाहाचा दाखला आणि राजपत्रातील नावबदलाची नोंद ही लग्नाच्या वर्षातच करून घ्यावी. जुन्या रुग्णालयाचा अनुभवाचा दाखला काम सोडतानाच मागून घ्यावा. पुढे ते रुग्णालय राहते न राहते, मेट्रन बदलतात, कागदपत्रे गहाळ होतात.

वयाचेही भान असू द्यावे. २०१६ साली राज्य शासनाने आपल्या सेवेत सरळ भरतीने प्रवेश करण्याची कमाल वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे केली. ज्या भगिनीच्या मनात कायम सरकारी नोकरी असेल तिने धाकट्या मुलाची दहावी होऊ द्या म्हणत थांबू नये, कारण तोपर्यंत ते दार बंद झालेले असते. खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांची दारे त्यानंतरही उघडी असतात, हे सांगून मी निराश होणाऱ्यांना धीर देऊ इच्छिते.

आता विद्येची अडचण. ती खरी मोठी. कागद नवा झाला म्हणून हात नवा होत नाही. इंग्लंडमध्ये परिचारिकेला दर तीन वर्षांनी नोंदणी चालू ठेवायची तर तेवढ्या काळात किमान ४५० तास प्रत्यक्ष काम केल्याचे दाखवावे लागते, आणि ज्यांचे तितके तास भरत नाहीत त्यांच्यासाठी पुनरागमनाचा खास अभ्यासक्रम आखलेला असतो. ह्यामागचा विचार सरळ आहे. रोग्याचा जीव ज्याच्या हाती द्यायचा त्याचे ज्ञान शिळे असता कामा नये.

ज्ञान किती झपाट्याने शिळे होते ह्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. १९९५ साली घरच्या जबाबदारीमुळे मी काम सोडले आणि २००६ मध्ये, अकरा वर्षांनी, एका खासगी रुग्णालयात पुन्हा रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात मला कचऱ्याच्या बादल्यांपुढे थबकावे लागले. मी घरी असताना, १९९८ साली, जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले होते आणि कोणती वस्तू कोणत्या रंगाच्या पिशवीत टाकायची ह्याचे नवे शास्त्र तयार झाले होते. २०१६ मध्ये ते नियमही बदलले. आता रक्तपू लागलेले बोळे पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या व प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या अभेद्य डब्यात, आणि काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात टाकावयाच्या असतात. ह्यात चूक झाली तर सुई टोचते ती कचरा उचलणाऱ्या गरीब माणसाला.

हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्याची रीत पाहा. आमच्या शिक्षणकाळी पंधरा वेळा छाती दाबून दोन श्वास देण्यास शिकवीत. २००५ पासून ते प्रमाण तीस दाबांस दोन श्वास असे झाले. २०१० मध्ये क्रमही पालटला. पूर्वी आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या आणि मग छाती दाबा, असे सांगत. नव्या रीतीने छातीवर दाब देण्यास प्रथम स्थान मिळाले, कारण पहिल्या काही मिनिटांत रक्त मेंदूपर्यंत ढकलत राहणे हे श्वास देण्यापेक्षा निकडीचे असते. दाबांची गती मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर. जुन्या सवयीने ज्या हाताने प्रथम हनुवटी वर उचलली जाते, त्या हाताला ही नवी सवय मुद्दाम लावावी लागते.

इन्शुलिनचे उदाहरण तर अधिक भीतिदायक आहे. एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेले इन्शुलिन आणि १०० एकके असलेले इन्शुलिन, असे दोन्ही प्रकार वापरात आले. प्रत्येकाची पिचकारी निराळी. १०० एककांचे इन्शुलिन चुकून ४० एककांच्या पिचकारीत त्याच खुणेपर्यंत भरले तर रोग्याला अडीचपट औषध जाते आणि त्याची साखर धोक्याच्या पातळीखाली उतरते. अकरा वर्षे स्वयंपाकघरात घालविलेल्या बाईने हे वाचूनच वॉर्डात पाऊल टाकले पाहिजे. क्षयरोगाचा उपचार पाहा. पूर्वीच्या सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून तीन वेळा गोळ्या देत. २०१७ पासून देशभर रोज गोळी देण्याची पद्धत स्वीकारली गेली. लसीकरणात पोलिओची टोचावयाची लस २०१५ च्या अखेरीस आली आणि तोंडावाटे देण्याच्या लसीचा प्रकार २०१६ च्या एप्रिलमध्ये बदलला.

ही यादी ऐकून कोणाच्या मनात धडकी भरली असेल तर मी त्यांना दुसरी बाजूही सांगते. जे बदलते ते तंत्र होय. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवताच त्याच्या डोळ्यांतील ग्लानी ओळखणे, शस्त्रक्रियेपूर्वी घाबरलेल्या म्हातारीजवळ दोन मिनिटे बसणे, रात्री तीन वाजता एखाद्या रोग्याचा श्वास नेहमीसारखा नाही हे अंधारात नुसत्या आवाजावरून जाणणे, ह्या गोष्टी विसरल्या जात नाहीत. उलट मूल वाढविलेल्या, सासऱ्यांचे आजारपण काढलेल्या स्त्रीच्या ठिकाणी त्या अधिक पक्व होतात. परत आल्यावर मला नवी यंत्रे शिकविली ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या एका केरळी मुलीने. ती मला ‘ताई’ म्हणे आणि मी तिला ‘सिस्टर’ म्हणे. तिच्याजवळ शिकण्यात मला कधी संकोच वाटला नाही, आणि अवघड नातेवाईकांना कसे समजावावे हे माझ्याजवळ शिकण्यात तिलाही वाटला नाही. वय थोर आणि पद लहान अशी ही अवस्था काही काळ सोसावी लागते. ती हसतमुखाने सोसणारीच टिकते.

असे हसू प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही. तत्पूर्वी एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी माझे कागद न उलगडताच, इतकी वर्षे घरी बसलेल्या बाईला घेऊन आम्ही काय करावे, असे मला विचारले होते. असे शब्द ऐकून ज्या भगिनी घरी परतल्या आणि पुन्हा कोठेच गेल्या नाहीत, त्यांच्यासाठी मी हे सांगते आहे. एका दाराने नाही म्हटले म्हणून दुसरे दार ठोठावण्याचे सोडू नये.

राहता राहिली घराची अडचण. येथे मला भगिनींपेक्षा बंधूंशी आणि सासूबाईंशी बोलावयाचे आहे.

आई घरी नसली तर मुलांची आबाळ होते, असे म्हणतात. ह्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. तान्ह्या मुलाला आई हवीच. शासनानेही हे ओळखून २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी असे ठरविले. पुढे ह्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या. परंतु मूल आठ-दहा वर्षांचे झाल्यावरही आईने दिवसभर घरातच असावे, असा आग्रह धरताना आपण त्या मुलासमोर कोणता आदर्श ठेवतो ह्याचा विचार व्हावा. आपली आई माणसे बरी करते, हे पाहत वाढलेल्या मुलाला संस्कारांचे वेगळे पाठ द्यावे लागत नाहीत.

रात्रपाळीबद्दलही दोन शब्द. आपल्या घरातील कोणी आजारी पडले आणि त्याला राजावाडीत किंवा कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात दाखल केले, तर रात्री दोन वाजता त्याच्या सलाइनकडे लक्ष देणारी सिस्टर जागी असावी, अशी आपली अपेक्षा असते. ती सिस्टरही कोणाची तरी सून असते. दुसऱ्याच्या सुनेने आपल्यासाठी जागावे आणि आपल्या सुनेने दुसऱ्यासाठी जागू नये, हा न्याय नव्हे.

ज्या घरांना रात्रपाळी खरोखरच झेपत नाही, त्यांच्यासाठीही कामे आहेत. बाह्यरुग्ण विभाग, डायलिसिस केंद्रे, रक्तपेढ्या, निदान-प्रयोगशाळा, लसीकरण, शाळांतील आरोग्यतपासणी, वृद्धांची घरी जाऊन शुश्रूषा, ह्या ठिकाणी दिवसाची कामे मिळतात. प्रवासाची सोयही पूर्वीपेक्षा बरी आहे. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरच्या बाईला अंधेरीचे काम पत्करण्यासाठी दादरला वळसा घालून लोंबकळत जाण्याचे कारण उरलेले नाही. मुलुंडच्या बाईलाही घाटकोपरला गाडी बदलली की पश्चिम उपनगरातील रुग्णालये आवाक्यात येतात. लग्नानंतर ज्या कामाला दूर म्हणून नकार दिला होता, ते आज तितके दूर राहिलेले नाही. पूर्वीचा निर्णय आजच्या परिस्थितीत पुन्हा एकदा तपासून पाहावा.

आता आपल्या संस्थेला माझ्या काही नम्र सूचना आहेत. संस्था शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते हे भूषणावह आहे. परंतु बी पेरून, रोप वाढवून, फळ येण्याच्या सुमारास शेताकडे पाठ फिरवावी, असा शेतकरी कोठे दिसत नाही. शिक्षणावर खर्च केलेली रक्कम परतणाऱ्या भगिनीला थोडे साहाय्य दिल्याने सार्थकी लागते.

पहिली सूचना अशी की, सभासदांच्या कुटुंबांतील आरोग्यक्षेत्रातील सर्व पदवीधर व पदविकाधर स्त्रियांची एक यादी करावी आणि त्यांपैकी काम थांबविलेल्या भगिनींना वर्षातून दोनदा एकत्र बोलवावे. आपल्यासारख्या आणखी दहाजणी आहेत हे कळल्यानेच निम्मे भय कमी होते. दुसरी अशी की, शिक्षणनिधीतून दर वर्षी निदान दोन भगिनींना नोंदणीचे शुल्क, उजळणीचा अभ्यासक्रम व पहिल्या तीन महिन्यांचा प्रवासखर्च ह्यांसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे. पहिल्या पगारापासून त्या हप्त्याने फेडतील आणि तोच पैसा पुढच्या भगिनीच्या उपयोगी पडेल. तिसरी अशी की, ज्ञातीतील कार्यरत डॉक्टरांनी व ज्येष्ठ परिचारिकांनी परतणाऱ्या भगिनीला आपल्या दवाखान्यात वा विभागात काही आठवडे निरीक्षक म्हणून उभे राहू द्यावे. पगार नको, फक्त पाहू द्यावे. चौथी अशी की, एकाच वसाहतीत राहणाऱ्या आपल्या निवृत्त आजी-आजोबांनी मिळून शाळेतून येणाऱ्या मुलांना दोन-तीन तास सांभाळण्याची व्यवस्था करावी. त्यात त्यांचाही वेळ आनंदात जाईल. पाचवी अशी की, वधूवर-सूचक मंडळाच्या पत्रकात मुलीचे शिक्षण विचारतात तेथेच, विवाहानंतर ती आपला व्यवसाय चालू ठेवणार काय आणि वराकडील मंडळींची त्याला संमती आहे काय, हेही विचारावे. शेवटची सूचना अशी की, पुढील वर्षीच्या सत्कारात ज्या भगिनी खंड पडल्यावर पुन्हा कामावर रुजू झाल्या, त्यांनाही व्यासपीठावर बोलवावे. विसाव्या वर्षी पदवी मिळविणे कौतुकाचे खरेच. पण चाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्यास अधिक धैर्य लागते.

ही सर्व सोय आपल्या ज्ञातीपुरती ठेवावी असेही मी म्हणणार नाही. एखादी शेजारीण दुसऱ्या समाजाची असली आणि तिला उजळणीच्या बैठकीला यावेसे वाटले तर तिला खुर्ची द्यावी. रुग्णालयाच्या खाटेवर आम्हांला कोणी कधी ज्ञाती विचारली नाही, आणि आम्हीही कोणाला विचारली नाही.

ज्या भगिनी सारासार विचार करून घरीच राहण्याचे ठरवितील त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. घर सांभाळणे ही लहान सेवा नव्हे. माझे बोलणे त्यांच्याशी आहे ज्यांना परतावेसे वाटते, रस्त्यात रुग्णवाहिकेचा आवाज ऐकला की ज्यांच्या पायाला ओढ लागते, पण आता उशीर झाला असे ज्या स्वतःला समजावतात. त्यांना मी अनुभवाने सांगते की, उशीर झालेला असला तरी वेळ गेलेली नाही. उद्या सकाळी नोंदणीचा जुना कागद बाहेर काढावा, त्यावरील मुदत पाहावी, आणि नूतनीकरणाचा अर्ज भरावा. पहिले पाऊल इतके लहान आहे.

 मी मांडलेल्या सूचनांचा कार्यकारी मंडळाने आपल्या येत्या बैठकीत विचार करावा, अशी पुन्हा एकदा विनंती करते आणि आपली रजा घेते.